विकायचं नाही, असं ठरवलेलं गाव

नागोयात नोकरीला असलेल्या भाच्याकडे मी नोव्हेंबरात आठ दिवस राहिले. क्योतो झालं, नारा झालं. शेवटच्या शनिवारी तो म्हणाला, "मावशी, आज देवळं नाहीत की किल्ले नाहीत. आज डोंगरातून चालत एका गावाला जायचं. आठ किलोमीटर चालशील ना?"

गावाचं नाव त्सुमागो. नागानो प्रांतात, किसो नदीच्या खोऱ्यात, नागीसो नावाच्या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीत ते आहे. जपानमध्ये जुनी गावं जपण्याची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणांहून झाली, त्यात त्सुमागोचं नाव आधी घेतात. तिथे थेट जाता येतं. आम्ही मात्र शेजारच्या मागोमेहून जुन्या रस्त्याने चालत जाणार होतो, कारण हे गाव त्या रस्त्यामुळेच वसलेलं आहे.

नागोयाहून 'शिनानो' ही जलद गाडी सुमारे पन्नास मिनिटांत नाकात्सुगावाला पोहोचवते. तिथून मागोमेची बस अर्ध्या तासाची. नाकात्सुगावाला उतरल्यावर भाच्याने स्टेशनजवळच्या मिठाईवाल्याकडून कुरी-किंतोन घेतलं. उकडलेल्या चेस्टनटचा गर साखरेत आटवायचा आणि कापडात पिळून त्याला आकार द्यायचा, एवढीच त्याची कृती. थंडीच्या तोंडावरचा हा इथला खास पदार्थ. चव थोडी रताळ्याच्या गोड किसाची आठवण करून देणारी, पण जास्त सौम्य. दूध नाही, तूप नाही, आणि तरी तोंडात विरघळणारं.

मागोमे हे चढणीवरचं गाव. दगडी फरसबंदीचा एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. इथली जुनी वस्ती १८९५ आणि १९१५ च्या आगींत बहुतेक जळून गेली, त्यामुळे आज दिसतात ती घरं त्यानंतर बांधलेली आहेत. कादंबरीकार शिमाझाकी तोसोन १८७२ मध्ये याच गावात जन्मला. त्याचं घर म्हणजे गावातलं सरदारांच्या मुक्कामाचं घर होतं. तेही आगीत गेलं. त्या जागी गावकऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अंगमेहनतीने त्याचं स्मारक उभारलं. तोसोनच्या 'योआके माए', म्हणजे 'पहाटेपूर्वी', या कादंबरीत हेच खोरं आहे. जुनी राजवट कोसळताना आणि मेइजी काळ सुरू होताना रस्त्यावरच्या या गावांचं काय झालं, ते त्याने आपल्या वडिलांच्या आयुष्याच्या आधाराने लिहिलं.

रस्त्याचं नाव नाकासेंदो, म्हणजे डोंगरांमधून जाणारा मार्ग. तोकुगावा शोगुनांच्या काळात एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, पाच राजरस्ते निघत. एदोहून क्योतोला जायला त्यांतले दोन. तोकाइदो किनाऱ्याने जाई आणि नाकासेंदो डोंगरांतून, सुमारे ५३० किलोमीटर. या वाटेवर मुक्कामाची ६९ गावं होती. एदोहून मोजलं तर त्सुमागो ४२वं आणि मागोमे ४३वं. देशोदेशीच्या सरदारांना ठरावीक काळ एदोत शोगुनाच्या नजरेखाली राहावं लागे आणि मग आपल्या मुलखात परतता येई. या सक्तीच्या येरझाऱ्यांमुळे शेकडो माणसांच्या मिरवणुका या रस्त्यांवरून सतत जात-येत. वाटेवरच्या गावांनी त्यांची सोय करायची. किसो खोऱ्यातल्या प्रत्येक मुक्कामाच्या गावाने पंचवीस हमाल आणि पंचवीस घोडे कायम तयार ठेवायचे, असा दंडक होता. १८६१ मध्ये सम्राटाची बहीण राजकन्या काझुनोमिया शोगुनाशी लग्न करायला एदोला गेली, तीही याच वाटेने, हजारो माणसांच्या लवाजम्यासह.

मागोमे मागे पडलं आणि रस्ता झाडीत शिरला. खिंडीपर्यंत चढ आहे. खिंड सुमारे आठशे मीटर उंचीवर, आणि तिथून त्सुमागोपर्यंत उतारच उतार. म्हणून चालणारे बहुधा मागोमेहून निघतात. वाटेत ठिकठिकाणी खांबाला घंटा टांगलेल्या दिसल्या. शेजारी पाटी: अस्वलं आहेत, घंटा वाजवा. देवळात शिरताना हात आपोआप वर जातो तसा माझा गेला. भाच्याने सांगितलं, "माणूस येतंय हे अस्वलाला आधीच कळलं की ते स्वतःच बाजूला होतं." पुढची प्रत्येक घंटा मी वाजवली. मागून येणाऱ्यांच्या घंटाही ऐकू येत होत्या. एवढ्या शांत रानात कोण किती अंतरावर आहे, हे त्या आवाजांवरून कळत होतं.

खिंड ओलांडल्यावर उताराला एक जुनं, बसकं घर लागतं. इचिकोकुतोची नावाच्या वस्तीतलं उरलेलं हे एकच घर, आता चहाचा थांबा. आत मातीची जमीन, मध्यभागी शेगडीचा खड्डा, वरून लोंबणाऱ्या आकड्याला किटली. स्थानिक मंडळी आळीपाळीने इथे बसतात आणि येणाऱ्याला चहा देतात. पैसे मागत नाहीत. आम्हाला चहा देणाऱ्या आजोबांनी भाच्याला विचारलं, कुठले? त्याने "इंदो" म्हटल्यावर आजोबांनी माझ्यापुढे लोणच्याची बशी सरकवली. तिथे पाच मिनिटं टेकायचं ठरवलेले आम्ही अर्धा तास बसलो.

या घराजवळच पूर्वी एक चौकी होती. माणसांची नव्हे, लाकडाची. तिची गोष्ट कळल्याशिवाय हे खोरं कळत नाही. किसोत हिनोकी नावाचा वृक्ष होतो. सरळसोट, सुवासिक, पाण्याला आणि किडीला दाद न देणारा. इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठी किसोचा हिनोकी जातो. सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ले आणि शहरं उभारण्यासाठी या रानाची इतकी तोड झाली की डोंगर उघडे पडू लागले. मग खोऱ्याची मालकी असलेल्या ओवारीच्या सरदारघराण्याने कडक बंदी घातली. हिनोकी, सावारा, नेझुको, आसुनारो आणि कोयामाकी या पाच वृक्षांना हात लावायचा नाही. झाड तोडलं तर डोकं जाईल, असं इथले लोक सांगत आले आहेत. चौकीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लाकूड तपासत, परवानगीचा ठसा आहे की नाही ते पाहत. १७४९ मध्ये ही चौकी इथे आली, कारण आधीची जागा दरड कोसळून गेली होती. १८६९ पर्यंत ती चालू होती. दाट रानात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरासाठी चांगला वासा मिळत नसे. आज आपण ज्या सावलीतून चालतो, तिची किंमत या लोकांनी अशी मोजली आहे.

पुढे वाट दोन धबधब्यांजवळून जाते, ओदाकी आणि मेदाकी, नर आणि मादी. योशिकावा एइजीच्या 'मियामोतो मुसाशी' कादंबरीतला एक प्रसंग इथे घडतो, म्हणून जपानी प्रवासी तिथे हमखास थांबतात. मग भातखाचरं, अंगणात दोऱ्यांना सोलून टांगलेली पर्सिमनची केशरी फळं, ओत्सुमागो ही छोटी वस्ती, आणि सुमारे तीन तासांच्या चालीनंतर एका वळणावर पहिल्यांदा त्सुमागोची छपरं.

गावात शिरताना मला पहिल्यांदा जाणवलं ते जे नव्हतं ते. विजेचे खांब नाहीत. तारा नाहीत. छपरांवर अँटेना नाहीत. जपानमध्ये पावलोपावली दिसणारी शीतपेयांची यंत्रंही रस्त्यावर नाहीत. वीज आहे, टीव्ही आहेत, पण तारा घरांच्या मागून नेल्या आहेत. सकाळी दहा ते दुपारी चार मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. घरांचा वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, दर्शनी बाजूला उभ्या पट्ट्यांची लाकडी जाळी. काही छपरांवर लाकडी फळ्या आणि त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. गावाच्या एका टोकाला रस्ता एकदम काटकोनात वळतो आणि पुन्हा वळतो. त्याला मासुगाता म्हणतात. चाल करून येणाऱ्या शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून मुक्कामाच्या गावांत अशी वळणं मुद्दाम ठेवत. त्या भागातलं कामीसागाया हे घर सर्वांत साध्या वाटसरूंची धर्मशाळा होतं. तिथे जेवण मिळत नसे. आपला शिधा आपण शिजवायचा आणि फक्त सरपणाचे पैसे द्यायचे. सरदार मुक्काम करी ते होंजिन, त्याच्या खालोखालचं वाकी-होंजिन, सामान्यांची खानावळ वेगळी आणि अगदी गरिबांसाठी हे. एका रस्त्यावर सगळा समाज उतरंडीने मांडलेला.

वाकी-होंजिनचं नाव ओकुया. हायाशी घराण्याचं हे घर १८७७ मध्ये नव्याने बांधलं. पाच वृक्षांवरची बंदी उठली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडाला हात लावता आला नाही त्याच हिनोकीचं अख्खं घर त्यांनी उभारलं. त्यातली हौस मला खांबाखांबांत दिसली. १८८० मध्ये सम्राट मेइजी प्रवासात इथे थांबला होता. त्याच्यासाठी केलेली न्हाणी अजून दाखवतात. मधल्या दालनात शेगडी रोज पेटवतात. धूर वरच्या तुळयांना लागतो, तुळया काळ्याभोर होतात आणि कीड लागत नाही. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चुलीच्या धुराने काळं झालेलं आढं मी लहानपणी पाहिलेलं आहे. दुपारचं ऊन कलायला लागलं तसं ते जाळीतून आत आलं आणि धुरात उजेडाच्या उभ्या पट्ट्या उभ्या राहिल्या. दालनातले आम्ही दहा-बाराजण काही वेळ बोललोच नाही.

याच घराला जोडून इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथल्या छायाचित्रांपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, कारण त्यांत आजचं नीटनेटकं त्सुमागो नाही. जागोजाग खचलेली छपरं, एका बाजूला कललेल्या भिंती, मोडक्या जाळ्या.

गावाचा ऱ्हास सरळ होता. मेइजी राजवटीत सरदारांच्या येरझाऱ्या थांबल्या. १९११ मध्ये चुओ लोहमार्ग पूर्ण झाला तो किसो नदीच्या काठाने, आणि त्सुमागो आडबाजूच्या दरीत राहिलं. माणसं गेली, पैसा गेला. पण पैसा नसल्यामुळे कोणी घरं पाडून नवी बांधलीही नाहीत. १९६० च्या दशकात जपान झपाट्याने सिमेंटचा होत असताना त्सुमागो पडत-झडत, पण जुनंच उरलं होतं.

१९६८ मध्ये मेइजी पर्वाला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने नागानो प्रांताने गावाच्या दुरुस्तीला पैसा दिला. वास्तुइतिहासाचे अभ्यासक ओता हिरोतारो यांनी शास्त्रीय बाजू पाहिली. गावच्या कचेरीतले कोबायाशी तोशिहिको यांच्यासारख्या माणसांनी घरोघर जाऊन लोकांना तयार केलं. त्याच वर्षी 'त्सुमागोवर प्रेम करणाऱ्यांची संघटना' स्थापन झाली आणि गावातलं प्रत्येक घर तिच्यात आलं. तीन वर्षांत तेराशिता भागातली पंचवीसच्या आसपास घरं उतरवून, लाकूड तपासून, पुन्हा उभी केली. या वेळेपर्यंत 'जतन' म्हणजे एखादं देऊळ, एखादा किल्ला. घरांची सबंध ओळ, तिच्यात माणसं राहत असताना जपायची, ही कल्पना देशाला नवी होती.

आणि मग १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपली सनद लिहिली. तिची तीन कलमं गावातलं मूलही सांगतं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही.

मी त्या शब्दांच्या क्रमाचा विचार करत राहिले. जुनी वास्तू वाचवायची म्हटलं की आपल्या मनात आधी येतं ते 'पाडू नका'. त्सुमागोने ते शेवटी ठेवलं. प्रवाशांचा ओघ सुरू झाला की बाहेरचा पैसा येतो, घर विकत घेतो किंवा भाड्याने घेतो, आणि ज्याला तिथे राहायचं नाही तो तिथे दुकान काढतो. घर उभं राहतं, पण गाव जातं. हे त्यांनी पर्यटन नुकतं सुरू होत असतानाच ओळखलं होतं. १९७५ मध्ये जपानने सांस्कृतिक वारसा कायद्यात बदल करून जुन्या घरांच्या समूहांना संरक्षण दिलं. १९७६ मध्ये पहिली सात क्षेत्रं निवडली गेली, त्यात शिराकावाचं ओगीमाची, काकुनोदाते, क्योतोचे दोन मोहल्ले, हागीचे दोन आणि त्सुमागो होतं. त्सुमागोचं संरक्षित क्षेत्र सुमारे १२४५ हेक्टर आहे. म्हणजे नुसती घरं नव्हेत, तर मागचे डोंगर आणि आम्ही उतरून आलो ती वाटही. रस्त्यावर उभं राहून मान वर केली तर घरांच्या मागे फक्त रान दिसतं, ते यामुळे.

वाईला आमच्या आजोळी वाडा होता. आजोबांनंतर आठ वारस झाले. दुरुस्ती कोणाला परवडेना, राहायला कोणी तयार होईना. शेवटी तो विकला गेला, आणि ज्या दिवशी तुळया ट्रकमध्ये चढवल्या त्या दिवशी मी तिथे होते. आमच्यातलं कोणीही वाईट नव्हतं. त्या वाड्यावर सगळ्यांचा जीव होता. फक्त आम्ही आठजण एका ओसरीवर बसून 'विकायचं नाही' असं कधी म्हणालो नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की ते आधी दुसऱ्याने म्हणावं. त्सुमागोच्या लोकांकडे आमच्यापेक्षा जास्त पैसा नव्हता. ती सगळी माणसं एकाच वेळी एकमेकांसमोर बसली, एवढाच फरक.

त्या शब्दाची किंमत ते आजही देतात. पडणारं घरसुद्धा बाहेरच्याला विकून मोकळं होता येत नाही. खिडकी बदलायची, रंग लावायचा, पाटी लावायची तरी सर्वांना विचारावं लागतं. थंडीत लाकडी घरात गारठा भरतो. मुलं शिकायला शहरात जातात आणि बरीचशी परत येत नाहीत. सनदेमुळे घरं टिकली आहेत. घरात राहणारं माणूस टिकवण्याचं काम मात्र दर पिढीला नव्याने करावं लागतं.

जेवायला आम्ही एका छोट्या दुकानाच्या बाकावर बसलो. गोहेइ-मोची म्हणजे शिजवलेला भात कुटून काठीवर थापायचा, अक्रोड, मिसो आणि सोयाचं गोडसर वाटण लावायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. वाटण जरा करपलं की त्याचा वास रस्त्याच्या दोन्ही टोकांना जातो. शाकाहारी माणसाने इथे सोबाच्या शेवया मागवताना मात्र विचारावं, कारण बुचकळायच्या सारात बहुधा माशाचा अर्क असतो. शेजारच्या दुकानात हिनोकीच्या पातळ पट्ट्या विणून केलेल्या टोप्या होत्या. या परिसराचा हा जुना धंदा. ऊन असलं की विणीतून वारा खेळतो आणि पाऊस आला की लाकूड फुगून वीण बंद होते. आपल्याकडच्या इरल्याचंच हे दूरचं भावंड. मी एक घेतली. वास अजून टिकून आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सामान जड असेल तर मागोमे आणि त्सुमागोच्या माहिती केंद्रांतून ते एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचवण्याची सोय हंगामात असते. चौकशी करून ठेवावी. आणि रोख येन जवळ असू द्यावेत. परतीला नागीसो स्टेशन आहे. बसने दहा मिनिटं, चालत तासभर. पण संध्याकाळच्या बस लवकर संपतात, दुकानं पाचच्या आत मिटतात. शक्य असेल तर गावात एक रात्र राहावं. आम्हाला ते जमलं नाही.

साडेचार वाजले. प्रवाशांचे जथे गेले होते. मासुगाताच्या वळणावर एक परदेशी मुलगी कॅमेरा डोळ्याला लावून रस्ता रिकामा व्हायची वाट बघत होती. समोर शेवटचं ऊन, दगड ठेवलेली छपरं, दोन ओळी घरं आणि कोणीही नाही. तेवढ्यात वळणावरून एक छोटी पांढरी मोटार हळूहळू आली. चारनंतर बंदी उठते. मुलीने कॅमेरा खाली घेतला.

मोटार एका जाळीच्या दारापुढे थांबली. एक आजी उतरल्या. मागच्या सीटवरून त्यांनी किराणा दुकानाच्या पिशव्या काढल्या, त्यातून मुळ्याचा पाला बाहेर डोकावत होता. पिशव्या पायरीवर ठेवून त्यांनी सरकतं दार उघडलं, आत कोणाला तरी हाक मारली, आणि एक मुलगा अनवाणी धावत बाहेर आला. त्याने जड पिशवी उचलली.

"मावशी, बस," भाचा म्हणाला.

मी त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि त्या दिवसातला शेवटचा फोटो काढला. त्यात मोटार आहे, पिशव्या आहेत, मुळ्याचा पाला आहे, आणि आतला दिवा नुकताच लागलेला आहे.